बोलेरो की अर्टिगा? गाडी घेण्याआधी घरी करायचा हिशेब

‘कुटुंबासाठी मोठी गाडी घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि भेटीगाठींत हल्ली वारंवार असतो. विचारणारे बहुधा छोटे व्यापारी किंवा कारागीर असतात. कोणाचे मालेगावात चार-सहा यंत्रमाग आहेत, कोणाचे भिवंडीत कापडाचे दुकान आहे, कोणी कोकणात आंबा-काजूचा व्यवहार करतो. घरात आई-वडील, मुले, एखादी बहीण किंवा भावाचे कुटुंब धरून सात-आठ माणसे. मोटारसायकलवर निभत नाही, रिक्षा दर वेळी परवडत नाही, आणि लग्नसराईत भाड्याची गाडी वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. तेव्हा सात माणसांची गाडी हवी, एवढे नक्की झालेले असते. पुढे नावे दोनच उरतात. महिंद्राची बोलेरो आणि मारुतीची अर्टिगा.

काटेकोर बोलायचे तर यातली बोलेरो ही जीपच्या जातीची एसयूव्ही आहे, आणि अर्टिगा ही कुटुंबासाठी लांब केलेली मोटार आहे. परंतु किंमत आणि बैठक जवळपास सारखी असल्यामुळे ग्राहक या दोघींची तुलना करतोच. शोरूममधला विक्रेता आपल्याच गाडीचे गोडवे गाणार. म्हणून ही तुलना शोरूमची पायरी चढण्याआधी आपल्या घरी, आपल्या वहीत करावी असे आम्हाला वाटते. आमचे सांगणे थोडक्यात असे की गाडी ईदच्या आणि लग्नाच्या दिवशी कशी दिसेल यावर ठरवू नका. बाकीचे दिवस ती कोणत्या रस्त्यावर, किती किलोमीटर आणि कोणाला घेऊन धावणार, यावर ठरवा.

दोघींची घडण

बोलेरो बाजारात आली २००० साली. तिच्या मागे जीपची परंपरा आहे. महिंद्रा कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी ती काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. तोवर विलीज जीपची जुळणी सुरू झाली होती.

त्या जीपची हाडे बोलेरोत आजही दिसतात. खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा आणि त्यावर बसवलेला सांगाडा नसलेला डबा, मागच्या चाकांना ताकद, मागे पाटे. इंजिन १४९३ सीसीचे, तीन सिलिंडरचे डिझेल. ताकद ७६ अश्वशक्तीच्या आसपास, पण ओढ २१० न्यूटन मीटर, आणि तीही कमी वेगात मिळते. त्यामुळे घाट, चिखल, शेताची वाट, भरलेली गाडी यांना ती डगमगत नाही. खेड्यातला मेकॅनिकही तिला हात लावायला घाबरत नाही.

अर्टिगा पहिल्यांदा २०१२ साली आली, आणि सध्याची पिढी २०१८ च्या अखेरीस. तिला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचा डबा हाच तिचा सांगाडा. ताकद पुढच्या चाकांना. इंजिन १४६२ सीसीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल, सुमारे १०३ अश्वशक्तीचे. कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली गाडीही मिळते, तेव्हा ताकद ८८ अश्वशक्तीपर्यंत उतरते. डांबरी रस्त्यावर ती शांत आणि हलकी चालते, आत बसलेल्यांना धक्के कमी लागतात. मुंबईच्या गर्दीत तिचे क्लच आणि स्टिअरिंग हाताला सोपे जाते.

शेवटच्या रांगेत कोण बसणार?

दोन्ही गाड्यांच्या कागदावर सात माणसे लिहिलेली आहेत, परंतु ही सात सारखी नाहीत. अर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत दोन जण पुढे तोंड करून बसतात. बोलेरोत मागचे दोघे समोरासमोर, बाजूला तोंड करून बसतात. गावातल्या गावात, दहा-पंधरा किलोमीटरसाठी हे चालून जाते. पण भिवंडीहून चिपळूणला जायचे असेल, तर सहा-सात तास आडवे बसलेल्या मुलांना उलट्या होतात आणि म्हाताऱ्या माणसाची कंबर धरते. शिवाय अपघातात पुढे तोंड करून पट्टा बांधून बसलेला माणूस जास्त सुरक्षित असतो. मागच्या बाकावर रोज मुले बसणार असतील, तर हा मुद्दा किमतीच्या आधी येतो.

उलट बाजूही आहे. अर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत माणसे बसली की मागे सामानाला जागा २०९ लिटर उरते, म्हणजे दोन-तीन बॅगा. सीएनजीची गाडी घेतली तर टाकी त्याच जागेत बसते, आणि बॅगा मांडीवर किंवा टपावर जातात. सात माणसे, सामान आणि सीएनजी ही तिन्ही एकदम मिळतील अशी आशा ठेवू नये.

आमची एक सूचना. गाडी पाहायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला बरोबर न्या. बोलेरोची पायरी उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या अम्मीला किंवा दादीला दोनदा चढून-उतरून पाहू द्या. अर्टिगात ती खुर्चीवर बसल्यासारखी बसेल. मात्र तिला तिसऱ्या रांगेत जायला सांगू नका, ती जागा मुलांची. मधल्या रांगेला थंड हवा पोहोचते का, हेही दुपारच्या उन्हात गाडी चालवून पाहा. संध्याकाळच्या फेरफटक्यात हे कळत नाही.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही कंपन्यांना मिरवण्यासारखे फारसे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत अर्टिगाला २०१९ साली तीन तारे मिळाले होते. २०२४ साली कडक झालेल्या नियमांखाली, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या भारतीय बनावटीच्या अर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. त्याच वर्षी बोलेरो निओ या गाडीलाही एक तारा मिळाला. निओ ही साध्या बोलेरोपेक्षा वेगळी गाडी आहे, हे लक्षात ठेवावे. २०२५ सालापासून अर्टिगाच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आल्या, बोलेरोत दोन आहेत. एअरबॅग असो वा नसो, मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा.

सरकारचा वाटा

आता पैशाकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरचा जीएसटी बदलला आणि या दोन गाड्यांचे गणितही बदलले. डिझेल गाडी १५०० सीसी आणि चार मीटर लांबी या दोन्ही मर्यादांच्या आत असेल, तर ती ‘लहान’ ठरते आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो. बोलेरोचे इंजिन १४९३ सीसीचे आणि लांबी ३९९५ मिलिमीटर. म्हणजे ७ सीसीने आणि ५ मिलिमीटरने ती मर्यादेच्या आत बसते. पूर्वी तिच्यावर उपकरासह ३१ टक्के होते. पेट्रोल गाडीसाठी मर्यादा १२०० सीसी आणि चार मीटर आहे. अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि १४६२ सीसीची असल्याने दोन्हीकडून बाहेर पडते. तिच्यावर पूर्वी ४५ टक्के होते, आता ४० टक्के आहेत. साहजिकच बोलेरोची किंमत जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरू शकली, अर्टिगाची साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ऑक्टोबर २०२५ मध्ये बोलेरोची एक्स-शोरूम किंमत ७.९९ लाखांपासून ९.६९ लाखांपर्यंत होती, अर्टिगाची सुरुवात सुमारे ८.८० लाखांपासून. आजचा भाव शोरूममध्ये लेखी मागून घ्यावा.

महाराष्ट्रात यापुढे नोंदणीचा रस्ता-कर येतो, आणि तेथे पारडे उलटे फिरते. व्यक्तीच्या नावावरच्या गाडीला १० लाखांपर्यंतच्या किमतीवर पेट्रोलसाठी ११ टक्के, डिझेलसाठी १३ टक्के आहेत. १० ते २० लाखांच्या गाडीला हेच दर १२ आणि १४ टक्के होतात. सीएनजीचा दर २०२५ साली एक टक्क्याने वाढला, तरी तो पेट्रोलपेक्षा कमीच आहे. साडेनऊ लाखांची गाडी धरली तर डिझेलला १,२३,५०० रुपये आणि पेट्रोलला १,०४,५०० रुपये, म्हणजे १९,००० रुपयांचा फरक. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर थेट २० टक्के, म्हणजे १,९०,००० रुपये. ‘कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल’ असा सल्ला देणारे मित्र पुष्कळ भेटतात. त्यांना हा आकडा दाखवावा.

विम्यात दोघींचा वर्ग एकच, १००० ते १५०० सीसी. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकात त्याचे १०,६४० रुपये होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेर दोन ठिकाणी भाव विचारावा.

महिन्याचे इंधन

कंपनीच्या चाचणीतले आकडे असे आहेत. अर्टिगा पेट्रोलवर लिटरला २०.५१ किलोमीटर, सीएनजीवर किलोला २६.११ किलोमीटर. बोलेरो डिझेलवर सोळाच्या आसपास. रस्त्यावर एवढे मिळत नाही. आपण हिशेबापुरते बोलेरोला १४, अर्टिगाला पेट्रोलवर १५ आणि सीएनजीवर २२ धरू. डिझेल ९० रुपये, पेट्रोल १०४ रुपये, सीएनजी ८० रुपये किलो असे मानू. तुमच्या गावचे भाव घालून हे गणित पुन्हा करावे.

महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याला बोलेरोचे सुमारे ९,६५० रुपये लागतील, पेट्रोल अर्टिगाचे १०,४०० आणि सीएनजी अर्टिगाचे साधारण ५,४५० रुपये. म्हणजे सीएनजीत महिन्याला चार हजारांवर बचत. वर्षाला ती ५० हजारांपर्यंत जाते. पण महिन्याला ५०० किलोमीटरच चालवणाऱ्याचे आकडे ३,२००, ३,४५० आणि १,८०० असे येतात. येथे बचत चौदाशे रुपयांची. सीएनजीच्या गाडीला द्यावे लागणारे जादा पैसे वसूल व्हायलाच वर्षे लागतील. बोलेरो आणि पेट्रोल अर्टिगा यांच्यात तर अडीचशे रुपयांचाच फरक राहतो. कमी चालवणाऱ्याने ‘डिझेल स्वस्त पडते’ हा जुना हिशेब डोक्यातून काढून टाकावा.

दोन गोष्टी आणखी लक्षात घ्याव्यात. अर्टिगाच्या सीएनजी टाकीत ६० लिटर पाणी मावेल एवढी जागा आहे. गॅस त्यात नऊ-दहा किलो भरतो, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरची मजल. घराजवळचा पंप आणि तेथली रांग आधी पाहून या. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट बोलेरोची. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी अधूनमधून लांब आणि वेगाने चालली तरच ती गाळणी स्वतःला जाळून साफ करते. दुकान ते घर एवढ्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच रोज होणार असतील, तर गाळणी तुंबते आणि खर्च काढते. गल्लीबोळातल्या व्यापाऱ्याने डिझेलपासून दूर राहिलेले बरे.

गाडीत माल भरणार असाल तर

आमच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. ‘घरचीही सोय होईल आणि मालही नेता येईल’ या विचाराने पुष्कळ जण बोलेरो घेतात. मागचे बाक दुमडायचे, साड्यांचे गठ्ठे, चपलांची खोकी किंवा आंब्याच्या पेट्या टाकायच्या, आणि बाजार गाठायचा. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीचा बारीक मजकूर येथे आडवा येतो. त्यात गाडीचा वापर कशासाठी करता येणार नाही, याची यादी असते. भाड्याने प्रवासी नेणे त्यात आहे, आणि मालाची वाहतूकही आहे. सूट आहे ती फक्त नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. नमुन्याच्या चार साड्या चालतील, चाळीस गठ्ठे चालणार नाहीत. माल भरलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती दावा नाकारण्याचे कारण आयते मिळते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन सवारी बसवणाऱ्याचेही तेच.

कराच्या बाजूनेही हा विचार तपासून पाहावा. माणसे नेणाऱ्या, चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. टॅक्सीचा किंवा गाड्या विकण्याचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. मालवाहू टेम्पोवर मात्र ही वजावट मिळते. म्हणजे ज्याला आठवड्यातून तीन-चार वेळा माल न्यायचा आहे, त्याने बोलेरोवर लाखभर जीएसटी भरून तो गमावण्यापेक्षा एखादा छोटा टेम्पो नोंदणीकृत व्यवसायात घ्यावा किंवा भाड्याने लावावा, आणि घरासाठी जुनी, छोटी मोटार पाहावी.

आयकरात मोटारीला वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. गाडी धंद्यासाठी जेवढी वापरली तेवढ्याच प्रमाणात तो मिळतो. आणि जे छोटे व्यापारी उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरून ठोक पद्धतीने विवरण भरतात, त्यांना हा घसारा वेगळा मिळत नाही. आमचे बरेच वाचक याच वर्गात मोडतात. तेव्हा ‘टॅक्समध्ये सूट मिळेल’ या आशेवर गाडी महाग घेऊ नये.

पैसा कोठून येणार?

आपल्यात व्याजाच्या कर्जाला हात न लावणारे पुष्कळ आहेत. ते भिशी उचलतात, घरातले सोने मोडतात किंवा धंद्यातली रक्कम काढतात. यात व्याज नसले तरी खर्च आहे, तो फक्त दिसत नाही. सुताचा व्यापार करणाऱ्याला रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हे सांगायला नको. आठ लाख गाडीत अडकले की उद्यापासून तोच माल उधारीत घ्यावा लागेल. हंगामाच्या तोंडावर हात रिकामा राहिला तर वर्षाचा नफा जातो. धंद्यातून पैसा काढायचा असेल तर हंगाम संपल्यावर, वसुली हातात आल्यावर काढावा.

ज्यांना कर्ज घ्यायचे आहे त्यांनी हप्ता न पाहता एकूण बेरीज पाहावी. ७ लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १४,७०० रुपये येतो. एकूण फेड ८ लाख ८२ हजारांची. विक्रेता ‘फक्त चौदा हजार सातशे’ म्हणतो. वरचे १ लाख ८२ हजार आपण स्वतः वहीत लिहायचे. त्याच पानावर इंधन, विमा, सर्व्हिसिंग आणि पाच वर्षांत एकदा लागणारे टायरही लिहावेत.

मग कोणती?

ज्याचे गाव घाटात किंवा कच्च्या रस्त्याला आहे, पावसात ओढे ओलांडावे लागतात, गाडीत बहुधा चार-पाचच मोठी माणसे असतात आणि लांबच्या फेऱ्या नियमित होतात, त्याने बोलेरो घ्यावी. ती दणकट आहे आणि करातल्या बदलाने तिची किंमत रास्त झाली आहे.

ज्याचे राहणे शहरात आहे, रोज मुले शाळेला आणि महिन्यातून एक-दोनदा सातही जण गावाला जातात, घरात वयस्कर माणसे आहेत, त्याने अर्टिगा घ्यावी. महिन्याला हजार किलोमीटरच्या वर धाव असेल आणि पंप जवळ असेल तर सीएनजीची, नाहीतर पेट्रोलची.

आणि ज्याला सातही जागा वर्षातून चारच दिवस लागणार आहेत, त्याने यातली एकही घेऊ नये. चार दिवसांची भाड्याची गाडी कितीही महाग पडली तरी तिचा विमा, तिची गाळणी आणि तिचा हप्ता आपल्या माथी येत नाही. शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली म्हणून आपल्या दुकानातले भांडवल हलवणे हे शहाणपणाचे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वडीलधारे सांगत आले.

निर्णय करण्याआधी एक महिना वहीत रोज लिहून पाहा. आज गाडी असती तर कोठे गेलो असतो, किती किलोमीटर, बरोबर कोण, हातात काय सामान. महिनाअखेरीस ते पान घरच्यांसमोर ठेवा, आणि मग शोरूममध्ये जा. तोवर पुष्कळशी तुलना झालेली असेल.